निरोगी नाकातला हवेचा रोध कसा मोजायचा? (रायनोमॅनोमेट्री, तपशीलवार)

श्वासमापी:
मागे एका धाग्यावर 'निरोगी माणसाच्या नाकाचा रोध किती असतो' असा साधा प्रश्न आला आणि ०.२ पासून १.२ पर्यंत उत्तरं पडली. गंमत म्हणजे त्यातलं एकही सरळ चूक म्हणता येत नाही. एका नाकपुडीचा की दोन्हींचा मिळून, किती दाबाला, नाक मोकळं करणारे थेंब टाकण्याआधी की नंतर, एवढं सांगितल्याशिवाय तो आकडा कुणाच्याच कामाचा नाही. कान-नाक-घशाच्या पीजीचे प्रबंध, योगावरचे प्रयोग आणि घरी यंत्र जुळवणारी मंडळी या तिघांनाही उपयोगी पडावं म्हणून पद्धत सविस्तर लिहितो.

एकक सगळीकडे पास्कल प्रति घन सेंटीमीटर प्रति सेकंद. दर वेळी लिहीत बसत नाही. जुन्या पेपरांत सेंटीमीटर पाणी प्रति लिटर प्रति सेकंद दिसलं तर आपल्या आकड्याला १०.२ ने गुणा. आपले ०.२५ म्हणजे तिकडचे २.५५.

रोध म्हणजे दाबातला फरक भागिले प्रवाह. प्रवाह मास्कला लावलेल्या न्यूमोटॅकोग्राफवरून (हवेचा प्रवाह मोजणारं उपकरण) मिळतो, नाकापुढचा दाब मास्कच्या आत मिळतो. अडतं ते मागच्या दाबापाशी, म्हणजे नाक जिथे घशात उघडतं तिथल्या. अॅक्टिव्ह अँटीरिअर पद्धतीत एक नाकपुडी टेपने बंद करून टेपमधून बारीक नळी आत सोडतात. त्या बाजूने हवा वाहतच नाही, म्हणून वाटेत दाब घटतही नाही, आणि मागचा दाब जसाच्या तसा नळीच्या तोंडाशी येतो. नळी उजव्या नाकपुडीत असेल तर मोजला जातो तो डाव्या बाजूचा रोध. तक्त्यात डावी-उजवी उलटते ती इथेच, म्हणून रकान्याला 'मोजलेली बाजू' असंच नाव द्या.

आता क्रम. माणूस आल्याआल्या मास्क चढवू नका. २० ते ३० मिनिटं त्याच खोलीत शांत बसू द्या. जिना चढून आलेल्याचं नाक तात्पुरतं मोकळं असतं, कारण व्यायामाने नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात. खोलीचं तापमान आणि आर्द्रता नोंदवा, एसीचा झोत तोंडावर नको. बसवायचं ताठ, आडवं झाल्यावर रोध वाढतो. त्यानंतर सेन्सर शून्यावर आणा, टेप-नळी लावा, मास्क द्या. तोंड मिटून नेहमीसारखा, पण किंचित खोल श्वास. एका बाजूचे निदान तीन ते पाच स्वच्छ श्वास घ्या, मग टेप काढून दुसरी बाजू. दोन्ही बाजू १० मिनिटांच्या आत आटपा.

मग नाकात झायलोमेटाझोलिन ०.१ टक्का (ऑट्रिव्हिन वगैरे), प्रत्येक बाजूला दोन फवारे, १० ते १५ मिनिटं थांबून सगळं पुन्हा. थेंबांआधीचा रोध हा हाड-कूर्चा अधिक सूज यांचा मिळून असतो. नंतर उरतो तो बहुतांशी रचनेचा. निरोगी नाकात एकूण रोध सुमारे एक तृतीयांशाने उतरतो. बीपी, काचबिंदू, नैराश्यावरची एमएओ गटातली औषधं हे आधी विचारा, आणि थेंब देणार आहात हे एथिक्स कमिटीच्या अर्जात स्वच्छ लिहा.

रोध कुठल्या दाबाला वाचायचा? १९८४ साली आंतरराष्ट्रीय मानकीकरण समितीने १५० पास्कल ठरवून दिले. जपानमध्ये १०० वापरतात. १५० गाठतच नसेल तर ७५. पण तिन्ही एकाच रकान्यात घालायचे नाहीत, त्याबद्दल खाली लिहीनच.

ठोकळमानाने निरोगी प्रौढाचा एकूण रोध ०.१५ ते ०.४, सरासरी पाव एककाच्या आसपास. एका बाजूचा मात्र तासाभरात दुप्पट-तिप्पट होऊ शकतो, आणि तोही निरोगीच.

निळीशाई:
छान धागा, वाचनखूण साठवली. डावा ०.५० आणि उजवा ०.३८ आला तर एकूण म्हणजे सरासरी घ्यायची ना, ०.४४?

श्वासमापी:
नाही. दोन्ही नाकपुड्या समांतर वाटा आहेत, त्यामुळे एकूण रोध दोघींपेक्षाही कमी येतो. १५० पास्कलला डावीकडे ३०० आणि उजवीकडे ४०० घन सेंटीमीटर प्रति सेकंद प्रवाह धरा. रोध अनुक्रमे ०.५० आणि ०.३७५. एकूण प्रवाह ७००, म्हणून एकूण रोध १५० भागिले ७०० = ०.२१. सरासरी काढली असती तर दुपटीहून जास्त चूक. सोपा मार्ग असा की प्रवाह बेरजेत ठेवायचे आणि भागाकार सगळ्यात शेवटी करायचा. छापून आलेल्या प्रबंधांतही सरासरी घेतलेली दिसते, तेव्हा 'निरोगी सरासरी' कुठून उचलताय ते जपून.

खडूस_मीटर:
यंत्र जुळवणाऱ्यांसाठी. बाजारात स्वस्त मिळतो तो एमपीएक्सव्ही ७००२ डीपी सेन्सर ±२ किलोपास्कलचा. अचूकता ±२.५ टक्के, ऐकायला बरी वाटते. पण हे टक्के पूर्ण पल्ल्याचे, म्हणजे ४००० पास्कलचे. १०० पास्कल झाले! तुम्ही वाचणार १५०. दर वेळी शून्य लावलंत तर त्यातली बरीच चूक जाते, तरी हा सेन्सर नाकासाठी नव्हे. ±५०० पास्कलचा एसडीपी ८१० बरा, शून्य जवळजवळ सरकत नाही. त्याचा स्वभाव मात्र समजून घ्या. तो पडद्याचा सेन्सर नाही, आतून हवेची अगदी बारीक धार वाहू देऊन तापमानावरून दाब ओळखतो. नळी फार लांब आणि फार बारीक घेतली की वाचन कमी येतं. आणि नाकातली ओल आत गेली तर सेन्सर संपला. नळी सेन्सरपासून नाकाकडे उतरती ठेवा आणि मध्ये एक छोटा जलरोधी फिल्टर घाला.

दुसरी गोष्ट, जी सर्रास चुकते. दाबाच्या सेन्सरचं दुसरं तोंड खोलीत उघडं सोडू नका, मास्कच्या आत न्या. खोलीत सोडलं तर न्यूमोटॅकोग्राफ आणि फिल्टर यांचा रोधही नाकाच्या खात्यावर चढतो. मास्कमध्ये नेलं की वजाबाकी आपोआप होते.

दोन्ही वाहिन्यांच्या नळ्या सारख्या लांबीच्या आणि सारख्या व्यासाच्या घ्या. एक वाहिनी काही मिलिसेकंद मागे राहिली की दाब-प्रवाह आलेखात श्वास आत घेतानाची रेघ आणि सोडतानाची रेघ यांच्यात फट पडते आणि लोक तिचा संबंध नाकाशी जोडत बसतात. सेकंदाला १०० नोंदी पुरेशा.

सह्यकडा:
कॅलिब्रेशन कसं करायचं? सगळ्यांकडे सर्व्हिस इंजिनिअर नसतो.

खडूस_मीटर:
दाबासाठी पाण्याची यू-नळी. १५० पास्कल म्हणजे १५.३ मिलिमीटर पाणी. उभ्या नळीत तेवढं वाचताना मिलिमीटरची चूक होते आणि सात टक्के गेले. नळी एकास दहा उतारावर ठेवा, तेच अंतर १५३ मिलिमीटर होतं. पाण्यात साबणाचा एक थेंब, म्हणजे पृष्ठभाग काचेला चिकटून अडत नाही.

प्रवाहासाठी स्पायरोमेट्रीवाल्यांची (फुफ्फुसाची हवा मोजणाऱ्यांची) ३ लिटरची सिरिंज. एकदा ३ सेकंदांत ढकला (सेकंदाला १ लिटर), एकदा १० सेकंदांत (०.३ लिटर). दोन्हीकडे बेरीज ३ लिटर ±३ टक्क्यांत बसली पाहिजे. स्पायरोमेट्रीचे लोक जोरात ढकलून मोकळे होतात. आपल्याला हळू ढकललेलंच महत्त्वाचं, कारण एका नाकपुडीचा प्रवाह त्याच भागात असतो. फिल्टर वापरणार असाल तर सिरिंज फिल्टरसकट लावून तपासा.

आणि शेवटी 'खोटं नाक'. अर्ध्या मिलिमीटर पितळी पत्र्यात धारदार कडेचं ६ मिलिमीटरचं भोक. १५० पास्कलला त्यातून सुमारे २७० घन सेंटीमीटर प्रति सेकंद हवा जायला हवी, रोध साधारण ०.५५. ७५ पास्कलला तोच रोध ०.३९ दिसला पाहिजे. दोन्ही जुळले तर यंत्र ठीक. भोकाच्या कडा घासून गोल केल्यात किंवा जाड अॅक्रिलिक घेतलंत तर प्रवाह बराच वाढतो आणि आकडा जुळत नाही, मग यंत्राला दोष देऊ नका. रोज सकाळी पहिला माणूस येण्याआधी हा पत्रा लावायचा.

निळीशाई:
एकाच भोकाचा रोध दोन दाबांना वेगवेगळा कसा?

श्वासमापी:
कारण प्रवाह सरळ रेषेत वाढत नाही. हवा शिस्तीत थराथराने वाहिली तर दाब दुप्पट केल्यावर प्रवाह दुप्पट, रोध तोच. भोवरे उठले की दाब प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात लागतो. शरीरक्रियाशास्त्रज्ञ रोहररने १९१५ मध्येच दोन्हींची बेरीज मांडली: दाब = एक स्थिरांक गुणिले प्रवाह, अधिक दुसरा स्थिरांक गुणिले प्रवाहाचा वर्ग. धारदार भोक हे वर्गाच्या टोकाला, खरं नाक मधे कुठेतरी. त्यामुळे ७५ ला वाचलेला रोध १५० च्या मानाने शून्य ते ३० टक्क्यांपर्यंत कमी येतो आणि किती ते माणसागणिक बदलतं. यासाठीच म्हटलं, एका रकान्यात घालू नका. गटातल्या पाच-सात जणांनी १५० गाठले नाहीत तर सगळ्यांचे ७५ चे आकडे काढा. मूळ नोंद साठवलेली असेल तर ते अर्ध्या तासाचं काम आहे, फक्त यंत्राने छापलेली चिठ्ठी ठेवली असेल तर मात्र सगळ्यांना परत बोलवा.

ज्यांना हा दाबाचा झगडाच नको त्यांच्यासाठी ब्रोम्सची १९८२ ची पद्धत आहे: आलेखावर आरंभबिंदूपासून ठरावीक त्रिज्येचं वर्तुळ काढायचं आणि रेघ त्याला जिथे छेदते तिथला कोन घ्यायचा. जवळजवळ प्रत्येकाची रेघ वर्तुळापर्यंत पोचतेच. उत्तर युरोपातल्या पेपरांत हेच दिसेल. शिवाय फोर-फेज पद्धत, श्वासाचे चार टप्पे वेगळे धरणारी. २०१६ च्या रीगा परिषदेत तिची बाजू जोरात मांडली गेली. नवीन यंत्र घेत असाल तर तिचं सॉफ्टवेअर असलेलं घ्या, पण १५० चा आकडाही काढता आला पाहिजे, नाहीतर जुन्या कामाशी तुलना संपली.

पूर्वा_नाकघसा:
टेपवर कुणी बोलत नाही आणि निम्म्या चुका तिथे होतात, म्हणून लिहिते.

मायक्रोपोर कागदी टेप नको. ती मुळात हवा खेळती राहावी म्हणूनच बनवलेली आहे, आणि श्वासाच्या वाफेने तासाभरात उचलली जाते. ब्लेंडर्मसारखी सलग प्लॅस्टिकची घ्या. साधारण ३ × ४ सेंटीमीटरचा तुकडा, मध्ये नळीच्या व्यासापेक्षा किंचित लहान भोक. नळी आधी टेपमधून ओवायची, टोक टेपच्या आत चार-पाच मिलिमीटर. जास्त आत घातली तर टोक नाकाच्या भिंतीला टेकून बंद होतं किंवा शेंबूड ओढून घेतं. नाकपुडीची कडा आणि वरचा ओठ स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा, पूर्ण वाळू द्यायचा. चिकटवताना नाकाचं टोक अजिबात ओढू नका. नाकातली सगळ्यात अरुंद जागा, नेझल व्हॉल्व्ह, नाकपुडीपासून जेमतेम दोन सेंटीमीटर आत आहे आणि नाकाचा निम्म्याहून जास्त रोध तिथेच असतो. टेप एका बाजूला ताणली की मधला पडदा सरकतो आणि तुम्ही मोजताय ती दुसरी बाजू रुंद किंवा अरुंद होते. याच कारणाने नाकपुडीत खुपसायचे फोमचे बोळे आणि नोझल आता टाळतात. मास्कही गालांवर आणि हनुवटीवर टेकला पाहिजे, नाकाच्या पाकळ्यांना स्पर्श नको. पारदर्शक असला तर नळी दुमडली का, टेप फुगतेय का हे दिसतं.

गळती कुठे आहे त्यावर चूक कुठल्या दिशेने जाते ते ठरतं. मास्क गालापाशी गळला तर हवा मोजलीच जात नाही, रोध खोटा वाढतो. टेप गळली तर उलट: बंद समजलेल्या बाजूनेही हवा वाहते, ती मास्कमध्ये मोजली जाते, शिवाय नळीतला दाबही पडतो. टेपच्या कडेला ३ मिलिमीटरची फट राहिली तर ०.५० चा रोध ०.३९ च्या आसपास दिसेल. निरोगी माणसात हे फार फसवं, कारण आकडा 'चांगला' दिसतो आणि कुणी शंका घेत नाही. तपासायची रीत: मोकळी नाकपुडी बोटाने हलकेच मिटवायला सांगून तोंड मिटलेल्या स्थितीत श्वास घेण्याचा प्रयत्न करायला सांगा. दाब हलला पाहिजे, प्रवाह शून्यावर राहिला पाहिजे. प्रवाह हलला की टेप नवीन.

चमकी किंवा नथीचं भोक: मोजायच्या बाजूला असेल तर फरक नाही, ते मास्कच्या आतच आहे. टेप लावलेल्या बाजूला असेल तर एक मिलिमीटरच्या भोकाने दोन-तीन टक्के जातात. चमकी काढायला लावू नका, काढली तर भोक उघडं पडतं. वरून टेपचा बारीक तुकडा लावा.

सह्यकडा:
मास्क पूर्ण चेहऱ्याचा आहे आणि माणसाने नकळत तोंड उघडलं तर?

पूर्वा_नाकघसा:
प्रवाह एकदम उसळतो आणि दाब मात्र तेवढा वाढत नाही. आलेखात रेघ प्रवाहाच्या अक्षाकडे झुकलेली दिसते, रोध हास्यास्पद कमी. तो श्वास वगळा. गिळल्यावर याच्या उलट, टाळू वर उचलला जातो, प्रवाह थांबतो आणि दाबात एक खूण उमटते. तेही वगळा. नळी शेंबडाने बुजली तर दाब सपाट. आणि निरोगी, स्वच्छ नोंद कशी दिसते ते एकदा डोळ्यांत बसवून घ्या: आरंभबिंदूतून जाणारा लांबट एस, दोन्ही टोकं साधारण सारखी. एक टोक सतत वर राहत असेल तर आधी शून्य तपासा. शून्य ठीक असून फक्त श्वास आत घेतानाची रेघ एका दाबानंतर वाढायचीच थांबत असेल तर नाकाची पाकळी आत ओढली जातेय. जोरात हुंगल्यासारखा श्वास घेतला की निरोगी लोकांतही असं होतं. श्वास मंद करायला सांगा.

नाकाच्या मधल्या पडद्याला भोक असलेला माणूस या पद्धतीत चालत नाही, दोन्ही बाजू आतूनच जोडलेल्या असतात. आधी आत डोकावून पाहा.

दवबिंदू:
मग त्यांच्यासाठी पोस्टिरिअर पद्धत ना? तोंडात नळी धरून?

श्वासमापी:
हो. नळी ओठांत घट्ट धरायची, टोक जिभेवर, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या. एका झटक्यात एकूण रोध मिळतो, टेपची भानगड नाही. पण टाळू सैल राहिला पाहिजे, तरच घशातला दाब तोंडात पोचतो. कित्येकांना ते जमतच नाही. जीभ वर चिकटते आणि दाबाची रेघ मरते. 'अ' म्हणायच्या बेतात असल्यासारखी जीभ खाली ठेवायला सांगा, समोर पडद्यावर रेघ दिसू द्या, काही मिनिटांत बरेच जण शिकतात. किती जणांना जमलं नाही ते लिहा, गुपचूप गाळू नका. दोन्ही नाकपुड्या मोकळ्या असताना शांत श्वासात १५० पास्कल क्वचितच गाठले जातात, म्हणून इथे ७५.

योगायोग_७:
आमच्याकडे विषय वेगळा आहे. चंद्रस्वर-सूर्यस्वर (डावी नाकपुडी चालू की उजवी) यांवर मोजमाप करायचं आहे. एका भेटीत दोन्ही बाजू मोजल्या की स्वर ठरला असं म्हणता येईल?

पूर्वा_नाकघसा:
त्या क्षणाचा ठरला, एवढंच. नाकाचं चक्र रिचर्ड कायझरने १८९५ मध्ये नोंदवलं: एक बाजू भरते तेव्हा दुसरी मोकळी होते, काही तासांनी अदलाबदल. कुणात दोन तासांनी, कुणात सहा, आणि काहींत असं नियमित चक्र सापडतच नाही. दोन्ही बाजू एकमेकींची भरपाई करत असल्याने एकूण रोध त्या मानाने स्थिर राहतो आणि माणसाला पत्ताही लागत नाही. तुम्हाला चक्र दाखवायचं असेल तर दर १५ ते ३० मिनिटांनी, निदान सहा तास. दर वेळी टेप नव्याने लावण्याने जो फरक पडतो तो आधी वेगळा काढा: एकाच माणसाला लागोपाठ पाच वेळा टेप काढून-लावून मोजा. त्यात १० टक्क्यांहून जास्त फरक येत असेल तर हात बसेपर्यंत पुढे जाऊ नका. या पाच वेळा एकाच १५ मिनिटांत उरका, नाहीतर चक्रच मोजून बसाल.

आणि थांबण्याच्या वेळेत लोक कसे बसतात यावर नजर ठेवा. डाव्या कुशीवर झोपलं की डावी नाकपुडी भरते आणि उजवी मोकळी होते. जेवणानंतरच्या वामकुक्षीने (डाव्या कुशीवरच्या झोपेने) सूर्यनाडी, म्हणजे उजवी नाकपुडी, चालते असं जे सांगतात त्याच्या मोजता येण्याजोग्या भागाचं स्पष्टीकरण एवढं आहे. काखेत दाब दिला तरी तेच: त्या बाजूची नाकपुडी भरते, समोरची मोकळी होते. योगदंडाचा (योगी काखेखाली टेकवतात ती काठी) हा परिणाम डेव्हिस आणि एकल्स यांनी १९८५ मध्ये कुबडीसारखा दाब देऊन रायनोमॅनोमेट्रीने दाखवला. म्हणजे तुमचा स्वयंसेवक खुर्चीच्या पाठीवर हात टाकून, काख दाबून अर्धा तास मोबाइल बघत बसला असेल तर तुम्ही खुर्चीचा परिणाम मोजणार. दोन्ही हात मांडीवर, पाठ टेकलेली.

योगायोग_७:
काखेचं लक्षात आलं नव्हतं, धन्यवाद. जलनेती आधी केलेली चालेल का?

पूर्वा_नाकघसा:
त्या सकाळी नको. नाक ओलं असतं, टेप टिकत नाही आणि नळीत पाणी येतं.

चिमटा:
हे सगळं वाचून एक शंका. बाम हुंगला की नाक लगेच मोकळं होतं. मग त्याआधी-नंतर मोजून बघायला मस्त प्रयोग होईल.

श्वासमापी:
होईल, पण तुम्हाला वाटतो तसा निकाल येणार नाही. मेंथॉलने रोध बदलत नाही, थंड हवा जाणवणाऱ्या चेतातंतूंना ते चेतवतं आणि मेंदूला हवा जास्त येतेय असं वाटतं. हे मोजून झालेलं आहे. स्वयंसेवकांनी त्या दिवशी बाम, पेपरमिंटची गोळी, खोकल्याची चघळायची मेंथॉलची गोळी घेऊ नये, निदान तुम्ही 'नाक किती मोकळं वाटतं' ही पट्टी भरून घेणार असाल तर. वाटणं आणि मोजणं यांचा मेळ तसाही कमजोर असतो. विशेषतः निरोगी लोकांत, कारण सगळेच पट्टीवर शून्याजवळ खुणा करतात.

दवबिंदू:
निरोगी म्हणजे नक्की कोण हे कुणी लिहिलं नाही.

पूर्वा_नाकघसा:
तक्रार नाही एवढ्यावर भागवू नका. गेल्या चार आठवड्यांत सर्दी नाही, अॅलर्जीच्या शिंका नाहीत, नाकावर शस्त्रक्रिया किंवा मोठा मार नाही, धूम्रपान नाही, अॅलर्जीच्या गोळ्या किंवा नाकातले स्टेरॉइड फवारे चालू नाहीत, गरोदर नाही. थेंबांची सवय असलेले तर आवर्जून गाळा, त्यांचं नाक थेंबांनंतर उलटं फुगतं. नोझ स्केल (नाक बंद असल्याच्या तक्रारींची प्रश्नावली) भरून घ्या, पाच प्रश्न, शंभरपैकी गुण. पडदा थोडा वाकडा असल्याने मात्र कुणाला वगळू नका. तक्रार नसलेल्या अनेकांचा पडदा वाकडाच असतो; सरळ पडदेवाल्यांचीच सरासरी काढलीत तर ती बाहेरच्या कुणालाच लागू पडणार नाही. फक्त कुठल्या बाजूला वाकडा ते लिहा. उंचीही नोंदवा. आणि मुलं मोठ्यांच्या गटात मिसळू नका, लहान नाकाचा रोध जास्त असतो आणि वयाबरोबर उतरतो.

निळीशाई:
आकडेमोडीत एक टाकतो. एका बाजूच्या रोधाचं वाटप उजवीकडे लांब शेपटी असलेलं असतं, एखादी भरलेली नाकपुडी ३ दाखवते आणि सरासरी ओढून नेते. लॉग (लॉगॅरिदम) घ्या, नाहीतर प्रवाहावर काम करा. श्वासमापींनी वर म्हटलंय तसे प्रवाह बेरजेला चालतात, रोध नाही. डावी-उजवी अशी तुलना चक्रामुळे फोल ठरते. जास्त मोकळी आणि कमी मोकळी बाजू अशी विभागणी केली तर काहीतरी हाताला लागतं.

सह्यकडा:
यंत्र परवडत नसेल तर काही पर्याय? गावातल्या शाळांमध्ये मोजायचं आहे.

खडूस_मीटर:
पीक नेझल इन्स्पिरेटरी फ्लो मीटर. मास्क लावायचा, श्वास पूर्ण सोडायचा, तोंड मिटून नाकाने होता होईल तेवढ्या जोरात आत ओढायचा. तीनदा, सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा, तिन्हींत १० टक्क्यांहून फरक नको. प्रौढ पुरुषांत मिनिटाला १४० लिटरच्या आसपास, स्त्रियांत १२० च्या आसपास, पण विखुरणी भरपूर. हा रोध नव्हे हे लक्षात ठेवा. छातीचा जोर आणि पाकळ्या किती आत ओढल्या जातात हे दोन्ही त्यात मिसळतं. मुलांना आधी दोन-तीनदा सराव द्या, पहिला आकडा नेहमीच कमी येतो.

थंड पत्रा नाकाखाली धरून वाफेचे डाग बघायचे, ही झ्वार्डेमाकरची १८८९ ची आणि मग ग्लात्सेलची रीत शाळेत दाखवायला झकास आहे. आकडा मागू नका तिच्याकडे. अकूस्टिक रायनोमेट्री वेगळीच चीज, ती आवाजाच्या प्रतिध्वनीवरून आतली रुंदी सांगते, प्रवाह नाही.

चिमटा:
दाढी-मिशीवाल्यांचं काय करता? मास्क बसतच नाही.

पूर्वा_नाकघसा:
मिशी फार अडत नाही, टेप नाकपुडीच्या कडेलाच चिकटवायची आणि ओठाकडची बाजू छोटी कापायची. दाढी मात्र हनुवटीखाली गळते. मास्कच्या कडेला पाण्यात विरघळणारी जेली लावा. व्हॅसलिनने सिलिकॉनची कडा पुढे खराब होते. मग न्यूमोटॅकोग्राफचं तोंड तळहाताने बंद करून हलका श्वास सोडायला सांगा. मास्कमधला दाब चढून टिकला तर चालेल, लगेच उतरला तर गळतोय. तरीही बसत नसेल तर त्याला पोस्टिरिअर पद्धतीकडे पाठवू नका, एका अभ्यासात दोन पद्धती मिसळतात. 'पूर्ण दाढी' हा निकष वगळण्याच्या यादीत पहिल्या दिवसापासून असू द्या. आणि जेली लावलेला मास्क ग्लुटराल्डिहाइडमध्ये (जंतुनाशक द्रावणात) टाकण्याआधी साबणाने धुवा, नाहीतर कडेचा थर तसाच राहतो. भिजवून झाल्यावर स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा खळखळून काढा. वास राहिला तर पुढच्या माणसाचं नाक त्यानेच फुगेल.